वाढत्या अंगाचा सेन्सर

जून महिन्यात आमच्या मानवतात शाळेला निघालेलं कुठलंही लेकरू बघा. शर्टाचे खांदे दंडावर उतरलेले, हाफ पँट गुडघ्याच्या खाली, आणि मुलींच्या स्कर्टाला आतून एवढी जाड दुमड की चालताना ती पोटऱ्यांवर आपटावी. निम्म्या गावाचे गणवेश माझी आई शिवायची, म्हणजे ह्या बेढबपणात आमच्या घराचा वाटा मोठाच. पण दोष तिच्या एकटीचा नव्हता. मापाला आलेली प्रत्येक बाई लेकराला पुढं ढकलायची आणि तेच वाक्य म्हणायची, "ताई, जरा वाढत्या अंगाचा शिवा बरं का." आई गळ्यातला टेप ओढत म्हणायची, "ते काय सांगावं लागतंय व्हय?"

मी तर शिवणारीचीच पोर. मला अंगाबरोबरचा कपडा कधी मिळालाच नाही. बूटसुद्धा मोठे, मग त्यांच्या टोकात कापूस कोंबायचा. मानवतात कापसाला काय तोटा! सायकल अशी की सीट पार खाली केली तरी माझे पाय पायडलला पोचेपर्यंत चौथी संपली. आणि माझ्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला. एकदा नवा फ्रॉक फेकून देत मी आईला म्हणाले होते, "हा पुढच्या वर्षीच्या पोरीला घाल. मी ह्या वर्षीची हाय."

"पुढच्या वर्षी तूच येशील की तिच्या जागी," आई म्हणाली आणि दोरा दातानं तोडला.

हे सगळं आधी सांगतेय, कारण पुढं मी जे केलं ते ऐकून तुम्ही म्हणाल, बाई, तुला तरी अक्कल असायला पाहिजे होती.

परभणीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी मेकॅनिकलला होते. वर्कशॉपच्या मागं पत्र्याची एक शेड होती आणि त्या शेडमध्ये आम्ही पोरं-पोरी मिळून रेसिंग कार बनवायचो. एकाच माणसाची, उघड्या चाकांची, मोटारसायकलचं इंजिन लावलेली, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी गाडी. दर हिवाळ्यात दक्षिणेला समुद्राजवळ एका ट्रॅकवर देशभरातल्या कॉलेजांची स्पर्धा भरायची, तिथं ती न्यायची. परभणीत रेसिंग कार बनते म्हटलं की लोक हसायचे. फक्त स्टेशनवरचा एक रिक्षावाला हसला नव्हता. आमचा टायर रिक्षात घेताना तो गंभीरपणे म्हणाला, "जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतेत ना? मग जर्मनीत बनती तर हितं का बनू नये?" त्याच्या ह्या हिशोबावर आम्ही वर्षभर जगलो.

ही शेड उभी केली वर्कशॉपच्या सरांनी. कॉलेजात त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणायचे आणि कुठले सर ते सगळ्यांना कळायचं. उंच, काटकुळे, आवाज बारीक. सुट्टीच्या दिवशीही शेडचं कुलूप तेच उघडायचे. पहिली गाडी त्यांच्या हाताखाली बनली, त्यानंतर दर वर्षी एक. आणि दर वर्षी तेच व्हायचं.

स्पर्धेत शेवटी एक लांबची शर्यत असते. अर्धं अंतर एकानं चालवायचं, मग थांबून इंजिन बंद करायचं, चालक बदलायचा, इंजिन परत सुरू करायचं आणि उरलेलं अंतर दुसऱ्यानं तोडायचं. ऐकायला सोपं आहे. आमची गाडी ती शर्यत कधीही पुरी करू शकली नव्हती. एका वर्षी चेन तुटली, एका वर्षी रेडिएटर फुटला, एका वर्षी वायर वितळली. मी तिसऱ्या वर्षाला असताना चालक बदलायला गाडी थांबली ती थांबलीच, इंजिन काही केल्या परत सुरू झालं नाही.

त्या वेळी मी सरांना पहिल्यांदा तिथं पाहिलं. आधीची पोरं सांगायची तसंच, ते शर्यत बघायचेच नाहीत. ट्रॅककडं पाठ करून, तारेच्या कुंपणाकडं तोंड करून, हात मागं बांधून उभे राहायचे आणि फक्त ऐकायचे. आमच्या इंजिनाचा आवाज ते बाकीच्या गाड्यांमधून ओळखायचे. आवाज थांबला की त्यांची मान खाली जायची. मग ते एवढंच म्हणायचे, "चला, सामान आवरा." ना राग, ना उपदेश. मला वाटायचं, ह्यांनी एकदा तरी आमच्यावर खेकसावं, म्हणजे बरं वाटेल.

पुढच्या उन्हाळ्यात सर निवृत्त होणार होते. म्हणजे आमच्या शेवटच्या वर्षाची गाडी ही त्यांचीही शेवटची गाडी. ते स्वतः काही बोलले नाहीत. फक्त एकदा चहा पिताना म्हणाले, "एकदा पुरी पळालेली ऐकायची हाय मला. बघायची न्हाई, नुसती ऐकायची." त्या दिवसापासून आम्हा सगळ्यांना एकच गोष्ट पाहिजे होती. नंबर नको, ढाल नको, गाडी शेवटापर्यंत पळाली पाहिजे आणि सरांनी ती ऐकली पाहिजे.

माझ्याकडं गाडीचं वायरिंग आणि सेन्सर आले. त्यातला एक छोटासा, काडेपेटीएवढा सेन्सर इंजिनाच्या हवेच्या वाटेवर बसतो. इंजिन हवा आत ओढतं, माणूस श्वास घेतो तसं. ती ओढ किती जोराची आहे, आतल्या हवेचा दाब किती आहे, हे हा सेन्सर मोजतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. त्यावरून कॉम्प्युटर ठरवतो की पेट्रोल किती सोडायचं. सेन्सर चुकीचं बोलला तर पेट्रोल जास्त तरी जातं नाहीतर कमी तरी. आमचा जुना सेन्सर इंजिन उतरवताना तुटला होता, त्यामुळं नवा निवडायचा होता आणि निवडायचं काम माझं.

आधी जात ठरवायची होती. एक जात बाहेरच्या हवेशी तुलना करून दाब सांगते, दुसरी अगदी शून्यापासून मोजते. परभणी समुद्रसपाटीपासून बरीच उंच, आणि शर्यत समुद्राकाठी. बाहेरच्या हवेचा दाबच दोन्हीकडं वेगळा, मग तुलना कशाशी करणार? आम्ही शून्यापासून मोजणारी जात घेतली. इथवर शहाण्यासारखं वागलो.

मग आला प्रश्न की सेन्सर किती दाबापर्यंत मोजणारा घ्यायचा. बाहेरच्या हवेचा दाब साधारण एक बार असतो. एक बारपर्यंत मोजणारा सेन्सर मिळत होता आणि तीन बारपर्यंत मोजणाराही. शेडच्या कट्ट्यावर चहा पीत बैठक बसली. कुणीतरी म्हणालं, "उद्या टर्बो लावला तर?" टर्बो म्हणजे इंजिनात हवा जबरदस्तीनं कोंबणारा पंखा, तो लावला की दाब एक बारच्या वर जातो. आमच्याकडं टर्बो नव्हता. टर्बो कसा दिसतो हेही निम्म्यांनी फोटोतच पाहिलं होतं. बाजारात तुरी, म्हणतात ना, तसली गत. पण सगळ्यांनी माना डोलावल्या. साहजिकच होतं. आमच्यापैकी प्रत्येकाच्या घराच्या गच्चीवर पुढच्या मजल्याच्या सळया उभ्या होत्या. आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण बोललं असेल? मी! "घ्यायचाच हाय तर मोठा घ्या. एक बारचा घेऊन उद्या रडत बसायचं का?" वाढत्या अंगाच्या फ्रॉकानं जिचं बालपण नासलं, तीच ही बया.

सर चहा ओतत होते. म्हणाले, "मोठा असलेला बराच की. बघा बाबा, गाडी तुमची हाय."

तीन बारचा सेन्सर आला, बसवला, आणि गाडीचं पोट बिघडलं. पूर्ण जोरात पळवली तर बरी चालायची, पण हळू चालवली, वळणावर वेग कमी केला, की धक्के द्यायची, काळा धूर सोडायची. प्लग काढून बघावा तर काजळी. आमची एक चालक गंगाखेडकडच्या एका खेड्यातली. कारखान्याला ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरवर तिचा हात बसलेला, कुठल्याही गाडीला न घाबरणारी मुलगी. ती हेल्मेट काढत म्हणाली, "हिला उचकी लागल्यावानी करायलीय. मी पाय उलसाक उचलते, ही भलतंच समजती."

मग आम्ही जे नव्हतं बिघडलं ते सगळं दुरुस्त केलं. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर साफ केला, पंप बदलला, वायरी परत ओढल्या. मी सगळ्यांशी भांडले. गंगाखेडवालीशी भांडले की तुझाच पाय जड आहे. दुसरा चालक येलदरीचा होता, धरणाच्या पाण्यात पोहून वाढलेला शांत पोरगा. त्याच्याशीही भांडले, तो भांडत नाही म्हणून. सर इंजिनावर कान टेकवल्यासारखे वाकून उभे राहायचे आणि म्हणायचे, "हिच्या पोटात बरं न्हाई." तेवढंच. पण एक गोष्ट मला दिसायला लागली होती. त्यांच्या टेबलावरचं सामान एकेक करून घरी जात होतं. आधी चहाचा मग गेला, मग बारीक मापं घ्यायचं त्यांचं स्वतःचं व्हर्निअर, मग भिंतीवरचा आरसा. टेबल रिकामं होत चाललं होतं आणि गाडी धूर सोडत होती. मला रडू यायचं आणि रडू आलं की मी अजून भांडायचे.

दिवाळीला घरी गेले ती अशी भुतासारखी. आई मशीनवर बसलेली. सणाची गर्दी, घरभर कापडाच्या चिंध्या. एका बाजूला शेजारच्या काकूंचं ब्लाउज, दुसऱ्या बाजूला कुण्या लेकराचा शर्ट. मी तिच्याजवळ जमिनीवर लोळत काजं-बटणं करत होते, म्हणजे करण्याचं नाटक करत होते. काकू ब्लाउज घालून बघायला आल्या. आईनं टाचण्या लावल्या, उसवलं, परत टाके घातले, काखेत बोट घालून बघितलं. म्हणाली, "बोटभर सैल होतंय, थांबा." बोटभर! आणि त्याच हातानं तिनं पलीकडच्या शर्टाचा खांदा वीतभर सैल ठेवला होता.

मी उठून बसले. विचारलं, "आई, ब्लाउज वाढत्या अंगाचं कामून शिवत न्हाईस?"

आई माझ्याकडं बघायला लागली. काकू तर तोंडाला पदर लावून हसल्या. "अगं, माझं वाढून झालं की आता," काकू म्हणाल्या. "अजून वाढवती का मला?"

माय माय माय! माझ्या हातातली सुई तशीच राहिली. आमच्या इंजिनाचंही वाढून झालं होतं. स्पर्धेच्या नियमानं हवेच्या वाटेत एक चिंचोळी नळी बसवावी लागते, अंगठा जाईल न जाईल इतकी. त्या नळीतून इंजिन जीव खाऊन हवा ओढतं. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमीच असतो. वर जाण्याचा प्रश्नच नाही. आमच्या इंजिनाचा सगळा संसार एका बारच्या आत, आणि आम्ही त्याला तीन बारचा अंगरखा घातला होता. त्यातले दोन बार बाह्या लोंबाव्यात तसे लोंबत होते, आणि उरलेल्या एका बारात जे बारीक बारीक बदल व्हायचे ते कॉम्प्युटरला दिसतच नव्हते. मोंढ्यातल्या भुईकाट्यावर, जिथं कापसाचा ट्रक तोलतात, तिथं मूठभर मोहरी ठेवली तर काटा हलेल का? गंगाखेडवालीनं पाय उलसाक उचलला, म्हणजे मोहरीएवढा बदल केला. काटा हललाच नाही, मग एकदम दचकून भलताच हलला. ती खरंच बोलत होती.

मी हे सगळं आईला सांगितलं, हातवारे करून, अर्ध्या शिव्या स्वतःला देत. तिला बार-बीर काही कळलं नसेल, पण शेवटचं कळलं. ती टाचण्या तोंडात धरून हसायला लागली, मग घाबरून टाचण्या काढल्या आणि नीट हसली. "म्हणजे तुमी मशिनीला बी वाढत्या अंगाचं घातलं? मग? किती वाढलं गं तुमचं इंजिन?"

मला राग आला, आणि मग मीही हसले.

त्या दिवाळीत मी कपाट आवरताना माझा शाळेचा एक जुना स्कर्ट काढून बघितला. त्याच्या खालच्या कडेला एकाखाली एक फिकट रेघा होत्या. दर वर्षी आईनं दुमड उसवून स्कर्ट खाली सोडला होता, त्याच्या घड्यांच्या खुणा. शेवटच्या रेघेखाली अजूनही थोडं कापड दुमडलेलं शिल्लक होतं. मी वाढणार, आणि तिच्या अंदाजापेक्षा जास्तच वाढणार, हे ती धरून चालली होती. घरात दुसरं कुणी तसं धरून चाललं नव्हतं. दहावीनंतर पोरीला कशाला परभणीला पाठवायचं म्हणणारे होते, मेकॅनिकल म्हणजे पोरांचं काम म्हणणारे होते. आई त्यांच्याशी भांडली नाही, तिनं नुसती माझी बॅग शिवली, तीसुद्धा गरजेपेक्षा मोठी. मी जन्मभर त्या सैल कपड्यांवर चिडले आणि मला एकदाही वाटलं नाही की ती मला जागा ठेवतेय. आता वाटतं. तेव्हा मात्र मी स्कर्ट परत ठेवला आणि पहिल्या एसटीनं परभणी गाठली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "पटतंय. पण अंदाजावर न्हाई चालायचं. दाखव."

दाखवायचं कसं? आम्ही गवंड्यांकडं असते ती लेव्हलची पारदर्शक नळी आणली. तिच्यात रंगीत पाणी भरलं, एका टोकाला दोन फाटे काढून दोन सेन्सर जोडले आणि इंजेक्शनच्या सिरिंजनं आतली हवा ओढायला लागलो. हवा ओढली की पाणी वर चढतं. जितकं चढलं तितका दाब कमी झाला, ह्यात खोटं काही राहत नाही. एक तीन बारचा सेन्सर तर होताच. एक बारचा तपासायला हवा होता, तो येलदरीवाल्याच्या मोटारसायकलचा काढला. त्यानं न बोलता गाडी उघडली आणि मग आठवडाभर बिचारा एसटीनं फिरला.

पाणी बोटभर चढवलं. एक बारच्या सेन्सरचा आकडा लगेच हलला. तीन बारचा जागचा हलला नाही. अजून बोटभर. एक बारचा परत हलला. तीन बारचा आता एकदम उडी मारून पुढं गेला आणि तिथंच मागं-पुढं नाचायला लागला. सरांनी खिशातून चष्मा काढून लावला आणि वाकून बघितलं. मग माझ्या हातातली सिरिंज घेऊन त्यांनी स्वतः पाणी चढवलं, उतरवलं, परत चढवलं, लहान मुलासारखं.

"नाकापेक्षा मोती जड झालता," ते म्हणाले. "मीबी त्या दिवशी मोठ्यालाच हो म्हणलो, पोरी. माझ्याबी गच्चीवर सळया हायत."

मग आम्ही नीट निवडला. एक बारच्या जरा वरपर्यंत मोजणारा, इंजिनाच्या धगीत आकडा न बदलणारा, आणि झटकन उत्तर देणारा. तो थेट इंजिनावर न ठोकता रबरावर बसवला, म्हणजे थरथर लागणार नाही, आणि हवेच्या वाटेपेक्षा उंच ठेवला, म्हणजे त्याच्या नळीत पेट्रोलचे थेंब साचणार नाहीत. कॉम्प्युटरला नवं माप शिकवलं. गंगाखेडवाली गाडीत बसली आणि कॉलेजच्या मागच्या मैदानावर तिनं हळू हळू, अगदी हळू गाडी फिरवली. एक धक्का नाही, धुराचा टिपूस नाही. ती ओरडली, "कळायलंय हिला! मी मनात आणते अन् हिला कळायलंय!" मी तिच्या गळ्यात पडून तिची माफी मागितली आणि तिनं मला ढकलून दिलं, कारण तिला अजून एक फेरी मारायची होती.

सर मैदानाकडं पाठ करून उभे होते. ऐकत होते.

स्पर्धेला जायच्या आधी आईनं सगळ्यांसाठी खाकी एप्रन शिवून पाठवले. मी तिला बजावून सांगितलं होतं, अंगाबरोबरचे शिव, एकही वाढत्या अंगाचा नको. सरांचं माप म्हणून त्यांचा एक जुना शर्ट नेऊन दिला होता. आणि खरंच, माझा एप्रन मला चोख बसला. आयुष्यात पहिल्यांदा! मी आरशासमोरून हलेना. पण सरांच्या एप्रनची बाही बोटांच्या टोकाच्याही खाली गेली. आता हे सर म्हणजे सैल बाहीचा कट्टर दुश्मन. फिरत्या चेनजवळ लोंबणारी बाही दिसली की त्यांचा बारीक आवाज एकदम मोठा व्हायचा. त्यांनी एप्रन काढला नाही, नुसत्या बाह्या दुमडून कोपरापर्यंत घट्ट चढवल्या आणि म्हणाले, "तुझ्या आईला सांग, लय झ्याक शिवलाय."

मी आईला फोन करून भांडले. "निवृत्त व्हायलेत ते! ते आता कुठं वाढणार हायत?"

"सुती कापड हाय, धुतल्यावर आटंल," आई म्हणाली. "अन् मोठ्या माणसाला आखूड कपडा देऊ नये. ऱ्हाऊ दे, लागंल कधी."

धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि खोक्यात बांधलेली गाडी घेऊन आम्ही दक्षिणेला गेलो. तिथं थंडीच्या दिवसातही घाम. बाकीच्या स्पर्धा झाल्या, आमचा नंबर कुठं मधेच. मग लांबच्या शर्यतीची सकाळ उजाडली. गंगाखेडवाली निघाली आणि सर नेहमीसारखे कुंपणाकडं तोंड करून उभे राहिले, हात मागं बांधून, बाह्या वर चढवलेल्या. मी त्यांच्या शेजारी, पण माझं तोंड ट्रॅककडं. माझ्याच्यानं नुसतं ऐकवत नाही.

गाडी मजेत पळत होती. वळणावर ती वेग कमी करायची आणि आवाज गुळगुळीत उतरायचा, परत चढायचा. अर्धं अंतर झालं. गाडी आत आली, थांबली. गंगाखेडवालीनं इंजिन बंद केलं.

सरांची मान खाली गेली. त्यांना माहीत होतं की इथं बंद करायचंच असतं, तरी गेली. गेल्या वर्षी इथूनच पुढं काही ऐकू आलं नव्हतं. गंगाखेडवाली बाहेर, येलदरीवाला आत. पट्टे आवळले. मी देवाला, सेन्सरला, सगळ्यांना हात जोडले. चावी फिरली की सेन्सर आधी बाहेरची हवा वाचतो, मग इंजिनाची पहिली ओढ. वाच रे बाबा, नीट वाच. येलदरीवाल्यानं बटण दाबलं आणि तापलेलं इंजिन पहिल्याच दमात पेटलं.

सर हलले नाहीत. फक्त मागं बांधलेल्या हातांची बोटं एकमेकांत घट्ट झाली.

उरलेला वेळ मला कसा गेला ते सांगता येत नाही. एक गाडी बंद पडली, एकीतून धूर निघाला, प्रत्येक वेळी मला वाटायचं आपलीच. येलदरीवाला त्याच्या स्वभावाप्रमाणं चालवत होता, घाई नाही, गडबड नाही. आणि मग झेंडा हलला. आमच्या गाडीसाठी हलला. पोरं तिकडं पळत सुटली, इतर कॉलेजांची पोरंही ओरडत होती, त्या गोंधळात कुणाचं काय चाललंय कळत नव्हतं. नियमाप्रमाणं गाडी हळूहळू ठरलेल्या जागेवर आली आणि येलदरीवाल्यानं इंजिन बंद केलं.

आवाज थांबला. सरांची मान खाली गेली. ते माझ्याकडं न बघता, नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, "चला. सामान आवरा."

शर्यतीच्या शेवटी आमच्या गाडीची शांतता त्यांनी आजवर एकाच कारणानं ऐकली होती. दुसरं कारण असू शकतं हे त्यांना माहीतच नव्हतं.

"सर," मी म्हणाले, "कसलं सामान आवरता? पोचली ती. झेंडा पडला. शर्यत झाली."

ते वळले नाहीत. कुंपणाच्या तारेला धरून म्हणाले, "पुरी?"

"पुरी, सर."

मग ते वळले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ट्रॅककडं तोंड केलं. दूर आमची बुटकी गाडी उभी होती, भोवती पोरं नाचत होती, गंगाखेडवाली येलदरीवाल्याच्या हेल्मेटवर थापा मारत होती. सरांनी खिशात रुमाल शोधला, तो नव्हता. मग त्यांनी उजव्या हाताची दुमडलेली बाही हळूहळू उलगडून खाली सोडली, पार बोटांच्या खालपर्यंत, आणि तिच्यात तोंड खुपसून ते लहान लेकरासारखे रडले. मी तिथंच उभी राहून रडले, माझ्या चोख मापाच्या बाहीनं डोळेसुद्धा धड पुसता येईनात.

जरा वेळानं आईला फोन लावला. गाडी पोचली म्हणून सांगितलं. तिला आनंद झाला, नंबर कितवा ते तिनं विचारलंच नाही. मग चाचरत म्हणाली, "सरांची बाही लय लांब झाली का गं? मला लागून राहिलंय मेलं. तू चिडली होतीस त्या दिवशी."

"न्हाई आई," मी म्हणाले. "बरोबर झाली."